मूठभर धान्याची शिकवण

मुलांच्या अंगी परोपकाराची वृत्ती बाणावी, असे प्रत्येक शिक्षकास वाटते. परंतु ती उपदेशाने बाणत नाही, नित्याच्या सवयीने बाणते. हातकणंगले तालुक्यातील शिक्षकांस याचा दाखला दूर शोधावयास नको. याच तालुक्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये सातारा येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. गरीब मुलांच्या भोजनाची सोय व्हावी म्हणून मुष्टिफंडाची योजना होती. घरोघर मूठभर धान्य बाजूस काढावयाचे व ते मुलांसाठी द्यावयाचे. मूठ लहान असल्याने गरिबासही दाता होता आले. आणि सर्वांचे धान्य एकत्र मिसळल्याने कोणाच्या घासावर कोणाचे नाव उरले नाही. जेवणारा मुलगाही मिंधा नव्हता. तो श्रम करून शिकत होता.

शाळेतील सत्कृत्यांस हीच कसोटी लावावी. २०१९ व २०२१ च्या महापुरांत वारणा व पंचगंगा या नद्यांच्या काठची अनेक घरे पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी वह्या भिजलेल्या सोबत्यास धडे उतरवून देणे, हे लहान मुलाच्याही शक्तीतील काम आहे. मात्र घेणाऱ्यास वर्गापुढे उभे करू नये व देणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये. ज्या उपकाराने सोबत्याची मान खाली जाते, तो मने जोडीत नाही. आज घेणाऱ्या मुलाकडेही उद्या दुसऱ्यास साहाय्य करण्याचे काम सोपवावे. म्हणजे वर्गात दाता व याचक असे दोन गट पडणार नाहीत.