कुत्र्यामांजरांची हगवण : साधी कोणती, घातक कोणती ?

खळ्याची राखण कुत्रा करितो व कणगींतील धान्य उंदरांपासून मांजर राखतें. परंतु बैलाचें पोट फुगतांच धांवपळ करणारा शेतकरी या दोघांच्या हगवणीकडे सहसा लक्ष देत नाहीं. पुष्कळदां ती आपोआप थांबते हें खरें. पण केव्हां थांबणार नाहीं, हें ओळखतां आलें पाहिजे.

नासकें अन्न किंवा उकिरड्यावरील घाण खाल्ल्यानें होणारी हगवण बहुधा साधी असते. जनावर हुशार असतें, पाणी पितें व एक-दोन दिवसांत सुधारतें. मोठ्या कुत्र्यास बारा तास अन्न न देतां स्वच्छ पाणी थोडें थोडें पाजावें. नंतर मऊ भात व उकडलेलें बिनमसाल्याचें कोंबडीचें मांस द्यावें. पिलांस व मांजरांस मात्र उपाशी ठेवूं नये. कांहीं दिवस न खाल्ल्यास मांजराचें, विशेषतः लठ्ठ मांजराचें, यकृत बिघडतें.

घातक हगवण पार्व्हो विषाणूची होय. कुत्र्यांतील हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. दीड ते सहा महिन्यांच्या पिलांस तो विशेष ग्रासतो. प्रथम सुस्ती व वांत्या, मग दुर्गंधियुक्त, रक्तमिश्रित हगवण, असा त्याचा क्रम असतो. मांजरांतही याच कुळांतील विषाणूचा असाच रोग आढळतो. जंताचें औषध देऊन वाट पाहण्यांत मोलाचा वेळ जातो. कारण अंगांतील पाणी झपाट्यानें आटतें व तेंच पिलांचा प्राण घेतें.

याची परीक्षा सोपी आहे. मानेमागील कातडी चिमटींत उचलून सोडावी. ती लगेच पूर्ववत् न बसल्यास, अथवा हिरड्या कोरड्या व पांढुरक्या दिसल्यास, त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. शिरेवाटे सलाईन व वांती थांबविणारें औषध हाच अशा वेळीं मुख्य आधार असतो. माणसांच्या गोळ्या देऊं नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरास मारूं शकते.

हा विषाणू जमिनींत कित्येक महिने जगतो. म्हणून पिलूं दगावलेल्या जागीं लस न टोंचलेलें नवें पिलूं आणूं नये. फरशी धुऊन तीस भाग पाण्यांत एक भाग ब्लीच मिसळून पुसावी. पिलांस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनीं, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत, लस टोंचवावी. एकच टोंचून थांबल्यास संरक्षण अपुरें राहण्याचा संभव असतो. सबंध वेत गमावण्यापेक्षां पशुवैद्यकीय दवाखान्याचे तीन-चार हेलपाटे केव्हांही स्वस्त पडतात.