मेनशीट कुठे बांधायची?

मेनशीट: मुख्य शिडाचा बूम (शिडाखालचा आडवा दांडा) आवरणारा दोर. छोट्या क्रूझिंग बोटीवर तिच्या जागेचे पर्याय मोजकेच.

• बूमच्या टोकाला: ताण सर्वांत कमी.

• मध्यावर: कॉकपिट मोकळे, पण तरफेचे अंतर निम्मे, म्हणून ताण दुप्पट. टोकाला १०० किलोची ओढ असेल, तर इथे २००. ओढ चौपट हलकी करणाऱ्या कप्प्यांनी हाताला ५० किलो उरते, घर्षण वेगळे. बूमही भक्कम हवा.

• ट्रॅव्हलर: आडव्या रुळावरची सरकती गाडी. शिडाला फारसा पीळ न पडता बूम वाऱ्याखाली सोडता येतो.

• बूमविना: सुमारे १९ फुटी ‘ड्रॅस्कोंब लगर’वर दोर थेट शिडाच्या कोपऱ्याला. डोक्यावर आदळायला बूमच नाही!

जाइब करताना, म्हणजे मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला घेताना, दोर आधी आत ओढावा. सैल राहिलेला फास विंचमध्ये, प्रसंगी माणसाच्या गळ्यातही अडकतो.