निर्बंधित दस्तऐवजांचें श्रवणवाचन

जुन्या दप्तरांचा शोध करणाऱ्या मंडळींस एक अनुभव वारंवार येतो. दप्तराचा मालक रुमाल सोडूं देतो, कागद डोळ्यांखालून घालूं देतो, परंतु नक्कल मात्र उतरूं देत नाहीं. त्याची भीति अगदींच निराधार असते असें नव्हे. नकलेवरून वाद उपस्थित झाल्याचीं व अस्सल कागद गहाळ झाल्याचीं उदाहरणें आपणां सर्वांस ठाऊक आहेत. 'पाहा, पण उतरून घेऊं नका' ही अट म्हणूनच फार जुनी आहे. आतां तीच अट संगणकावर लिहिलेल्या याद्यांस, सूचींस व लिप्यंतरांसही लावली जात आहे. ती लावण्यास आमचा विरोध नाहीं. परंतु तिचा एक परिणाम लावणाऱ्याच्या ध्यानांत बहुधा येत नाहीं. जो वाचक डोळ्यांऐवजीं कानांनीं वाचतो, त्यास या अटीमुळें 'पाहा' एवढी परवानगीही मिळेनाशी होते. हें कसें घडतें व तें टाळण्यास काय करावें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

१. प्रसंग

आमची दृष्टि काचबिंदूनें मंदावली असून गेलीं कांहीं वर्षें आम्ही संगणकावरील मजकूर स्क्रीन रीडरच्या साहाय्यानें ऐकतों. मध्यंतरीं एका संग्राहकांनीं आपल्या संस्कृत पोथ्यांची सूची आमच्याकडे पाठविली व तींतील पुष्पिका तपासून देण्याविषयीं लिहिलें. सूची वर्डमध्यें तयार केलेली असून तिच्यावर वाचनापुरताच अधिकार ठेविलेला होता. फाईल उघडली, घरांतील मुलांस पडद्यावर अक्षरें स्पष्ट दिसत होतीं, परंतु यंत्र फाईलचें नांव उच्चारून मुकें झालें. आम्हीं संग्राहकांस कळविलें. त्यांचें उत्तर आलें कीं, वाचण्याचा अधिकार दिलेला आहे, याहून अधिक देतां येत नाहीं. आम्ही नक्कल मागत आहों, अशी त्यांची समजूत झाली. दोष त्यांचा नव्हता व आमचाही नव्हता. वाचन आणि नक्कल या दोन क्रिया संगणकास एकच वाटतात, हें त्याचें मूळ होय.

२. स्क्रीन रीडर वाचतो कसा

स्क्रीन रीडर हा पडद्यावरील अक्षरांच्या आकृति पाहून वाचतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. पडदा हें केवळ चित्र होय. यंत्र चित्र न पाहतां वर्डलाच विचारतें कीं, या ओळींत कोणतीं अक्षरें आहेत, हा मथळा आहे कीं परिच्छेद, येथें तळटीप आहे काय. वर्ड जें उत्तर देतो तें यंत्र आवाजांत उच्चारतें. अशा रीतीनें बाहेरच्या प्रोग्रॅमनें वर्डला प्रश्न विचारण्याची जी जुनी वाट आहे तीस 'ऑब्जेक्ट मॉडेल' म्हणतात. जॉज व एनव्हीडीए हे दोन स्क्रीन रीडर सर्वपरिचित आहेत. पैकीं एनव्हीडीए २००६ सालीं ऑस्ट्रेलियांत सुरू झाला व तो विनामूल्य मिळतो. त्याच्यासोबत येणाऱ्या ई-स्पीक या आवाजांत मराठीचीही सोय आहे.

येथेंच मेख आहे. ज्या वाटेनें वाचणारें यंत्र मजकूर मागतें, त्याच वाटेनें नक्कल करणारा प्रोग्रॅमही मजकूर मागूं शकतो. द्वारपाळास दोघांत भेद करतां येत नाहीं. म्हणून तो दोघांसही परतवितो.

३. निर्बंधांचे प्रकार

'फाईल बंद आहे' एवढ्यानें भागत नाहीं. कोणत्या प्रकारें बंद आहे हें आधीं ठरविलें पाहिजे.

पहिला प्रकार उघडण्याच्या पासवर्डाचा. ही पेटीस लावलेल्या कुलपासारखी गोष्ट आहे. किल्ली मिळाली कीं पेटी पुरी उघडते व यंत्र सर्व मजकूर वाचतें. येथें श्रवणवाचकास वेगळी अडचण नाहीं.

दुसरा प्रकार फेरफार रोखण्याचा. वर्डमध्यें 'रिस्ट्रिक्ट एडिटिंग' म्हणून सोय आहे. तींत 'नो चेंजेस' हा पर्याय असेल तर बाणांच्या कळांनीं ओळीओळींतून फिरतां येतें व ऐकतां येतें. परंतु 'फिलिंग इन फॉर्म्स' हा पर्याय असेल, तर कर्सर केवळ भरावयाच्या रकान्यांतच जातो. भोंवतालचा मजकूर, सूचना व प्रश्न त्यास अगम्य राहतात. पोथ्यांचीं माहितीपत्रकें पुष्कळदां अशाच रीतीनें बांधलेलीं असतात, त्यामुळें श्रवणवाचकास रकाना सांपडतो, पण त्यांत काय भरावयाचें तें कळत नाहीं.

तिसरा प्रकार 'प्रोटेक्टेड व्ह्यू'चा. टपालानें अथवा इंटरनेटवरून आलेली फाईल वर्ड संशयानें पाहतो व तिला वेगळ्या कोठडींत उघडतो. येथें पाठविणाऱ्याचा कांहींच निर्बंध नसतो; परंतु त्या कोठडींत बाहेरच्या यंत्राचा प्रवेश अपुरा असतो.

चौथा प्रकार सर्वांत कठीण. यास 'इन्फर्मेशन राइट्स मॅनेजमेंट' असें नांव आहे. ही व्यवस्था वर्डमध्यें २००३ च्या आवृत्तीपासून आली. हींत मजकूर गूढ लिपींत बदललेला असतो. वाचकानें आपली ओळख पटविल्यावर त्यास एक परवाना मिळतो व त्या परवान्यांत अधिकार मोजून लिहिलेले असतात. पाहणें, बदलणें, उतरून घेणें, छापणें, जतन करणें, असा प्रत्येक अधिकार निराळा आहे. त्यांतच प्रोग्रॅमद्वारां मजकुरापर्यंत पोंचण्याचा एक अधिकार आहे. केवळ वाचनाची परवानगी दिली असतां हा अधिकार आपोआप मिळत नाहीं. आमची सूची मुकी झाली ती याच कारणानें. अशा फाईलच्या पडद्याचें चित्र घेण्यासही बंदी असते. म्हणून चित्रावरून अक्षरें ओळखविण्याची दुसरी युक्तिही तेथें लंगडी पडते.

४. वाचकानें काय करावें

प्रथम फाईलच्या वरच्या बाजूस पिंवळी पट्टी आहे कीं काय याचा शोध घ्यावा. असल्यास व पाठविणारा विश्वासाचा असल्यास 'फाईल' मेनूंतील 'इन्फो' या पानावर जाऊन 'एनेबल एडिटिंग' करावें. तिसऱ्या प्रकारची अडचण एवढ्यानें दूर होते.

पट्टी निर्बंधित अधिकाराची असेल, तर तिच्यावरील 'व्ह्यू परमिशन' हें बटण दाबावें. आपणांस कोणते अधिकार आहेत याची यादी समोर येते. तींत 'ॲक्सेस द डॉक्युमेंट प्रोग्रॅमॅटिकली' या शब्दांपुढें नकार असेल, तर रोगाचें निदान झालें असें समजावें. ही खिडकी वर्डची असून दस्तऐवजाचा भाग नव्हे, म्हणून ती यंत्रास वाचतां येते. मालकानें सोय ठेविली असेल तर अधिक अधिकार मागण्याचा पत्ताही तेथेंच मिळतो. पत्र लिहितांना 'नकलेचा अधिकार नको, प्रोग्रॅमद्वारां वाचण्याचा अधिकार हवा' हें वाक्य आवर्जून घालावें. आम्हीं तें आरंभीं घातलें नाहीं म्हणूनच गैरसमज झाला.

याखेरीज एक उपाय वाचकाच्याच हातीं आहे. नव्या वर्डमध्यें ऑब्जेक्ट मॉडेलखेरीज 'यूआय ऑटोमेशन' नांवाची दुसरी वाट आहे व ती अशाच साहाय्यक यंत्रांकरितां राखलेली आहे. एनव्हीडीएच्या सेटिंग्जमध्यें 'ॲडव्हान्स्ड' या भागांत वर्डकरितां ही वाट केव्हां वापरावी तें ठरवितां येतें. जुना वर्ड व जुना स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनीं प्रथम दोन्ही नवे करून घ्यावे. कित्येकदां तेवढ्यानेंच वाचा फुटते.

कुलूप फोडण्याचीं साधनें आम्ही सांगत नाहीं. ज्याच्या घरीं जाऊन कागद पाहावयाचे त्याच्या दाराशीं हत्यार घेऊन उभें राहणें संशोधकास शोभत नाहीं.

५. संग्राहकानें काय करावें

आमचें खरें गाऱ्हाणें संग्राहकांपुढें आहे, कारण उपाय त्यांच्या हातीं असून तो एका खुणेचा आहे. 'इन्फो' या पानावर 'प्रोटेक्ट डॉक्युमेंट' व त्याखालीं 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस' हें ठिकाण आहे. तेथील 'मोअर ऑप्शन्स' उघडलें म्हणजे 'ॲक्सेस कन्टेन्ट प्रोग्रॅमॅटिकली' ही चौकट दिसते. तींत खूण करावी. छापण्याची व उतरून घेण्याची चौकट रिकामीच ठेवावी. माहितीपत्रकाच्या बाबतींत दस्तऐवजाचे विभाग पाडून भरावयाचा विभाग तेवढा बांधावा व सूचनांचा विभाग मोकळा ठेवावा.

पीडीएफ पाठविणाऱ्यांसही हेंच सांगणें आहे. तेथें नकलेस बंदी करून स्क्रीन रीडरला मोकळीक देण्याची स्वतंत्र खूण फार दिवसांपासून आहे. पीडीएफच्या दुसऱ्या आवृत्तीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत तर श्रवणवाचकास अडविण्याचा तो निर्बंधच त्याज्य ठरविला आहे.

आणखी एक गोष्ट निर्बंधाची नव्हे, पण परिणामानें तशीच आहे. युनिकोडमध्यें देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही पुष्कळ सूची जुन्या फॉन्टांत टंकलेल्या आढळतात. त्यांत डोळ्यांस 'श्रीगणेशाय नमः' दिसतें, पण आंत रोमन अक्षरें व चिन्हें असतात आणि यंत्र तींच उच्चारतें. असा दस्तऐवज सर्व अधिकार देऊनही बंदच राहतो. मोडी लिपीस २०१४ सालीं युनिकोडमध्यें स्थान मिळालें हें संतोषाचें आहे. तथापि श्रवणवाचकाकरितां मोडी कागदाचें बाळबोध लिप्यंतर युनिकोडमध्यें सोबत द्यावें.

६. एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल कीं, ही चौकट मोकळी केली तर त्या वाटेनें नक्कल करणाराही शिरेल. आक्षेपांत तथ्य आहे व तें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा अधिकार गांवास न देतां नांवनिशीवार द्यावा. ज्या व्यक्तीस हवा तिच्याच पत्त्यावर वेगळी प्रत काढावी व तीस मुदत घालावी. मुदतीची सोय त्याच खिडकींत आहे. शिवाय ज्यास डोळे आहेत तो वाचक पडद्यासमोर बसून कागदावर मजकूर उतरून घेऊं शकतोच. त्यास कोणतेंही कुलूप अडवीत नाहीं. मग निर्बंधाचा सगळा भार एका अंधावरच पडावा, हें न्यायाचें दिसत नाहीं.

कायद्याचा कलही याच बाजूस आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यास २०१२ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें अपंग वाचकांकरितां सुगम प्रत तयार करण्यास मोकळीक दिली. दृष्टिहीनांकरितां १९१३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१३ सालीं माराकेश येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यास २०१४ सालीं सर्वांआधीं मान्यता देणारें राष्ट्र भारत होतें.

अंधास ग्रंथसंपादनाशीं काय कर्तव्य, असें मात्र कोणीं विचारूं नये. पंडित सुखलालजी (१८८०–१९७८) यांची दृष्टि सोळाव्या वर्षीं देवीच्या रोगानें गेली. तरी सिद्धसेन दिवाकरांच्या सन्मतितर्काचें टीकेसह संपादन त्यांनीं पंडित बेचरदास दोशी यांच्यासमवेत अहमदाबादेस सिद्धीस नेलें. त्यांस हस्तलिखितें वाचून दाखविणारीं माणसें होतीं, आणि तीं जवळ बसतात म्हणून कोणीं त्यांस नकलनवीस मानलें नाहीं. स्क्रीन रीडर हा त्याच वाचून दाखविणाऱ्या माणसाच्या जागीं आलेला आहे.

७. उपसंहार

आमच्या प्रसंगाचा शेवट सांगून लेख आटोपतों. दुसऱ्या पत्रांत आम्हीं वरील चौकटीचा उल्लेख केला. संग्राहकांनीं खूण करून फाईल पुनः पाठविली व यंत्र बोलूं लागलें. तिसऱ्या दिवशीं एका पुष्पिकेशीं कान अडखळला. सूचींत 'शके १६७८ पार्थिवनाम संवत्सरे' असें होतें. शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें व बाकीवरून प्रभवादि संवत्सर मोजावा, हा नियम वाचकांस ठाऊक आहेच. १६७८ ची बाकी दहा येते व दहावा संवत्सर धाता; पार्थिव एकोणिसावा असून तो शके १६८७ चा. आम्हीं मूळ पोथी पाहण्यास सुचविलें. पोथींत १६८७ च निघाला. टंकणाऱ्याच्या हातून दोन आंकडे उलटले होते व अनेक डोळस वाचकांच्या नजरेखालून ते तसेच निसटले होते. त्या संग्राहकांनीं आपल्या पुढील सर्व सूचींवर ती खूण करण्याचें कबूल केलें आहे. इतर संग्राहकही तसें करतील तर श्रवणवाचकांचे उपकार होतील असें नव्हे, सूचींचेच होतील.