कसंतरी होतंय
लेखमाला : देह सांगतो आहे — लेखांक ६

मुंबईहून पंजाब मेलमध्ये संध्याकाळी बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी भर दुपारी झाशीच्या फलाटावर उतरतो. तिथून कानपूरच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर चिरगाव येते. मैथिलीशरण गुप्त इथले; हिंदीच्या वाचकांना गावाचे नाव त्यांच्यामुळे ठाऊक असते. मराठी माणसाला ठाऊक असायला वेगळे कारण आहे. झाशीहून काळपीला जाणारी वाट इथून पुढे जाते, आणि १८५८च्या उन्हाळ्यात त्या मुलखात राणी लक्ष्मीबाई, तिचा पाठलाग करणारे आणि पेणजवळच्या वरसईचा एक गरीब भिक्षुक असे सगळेच उन्हात होरपळत फिरत होते.

तो भिक्षुक म्हणजे विष्णुभट गोडसे. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळणार, एवढ्या आशेवर तो १८५७च्या मार्चमध्ये काकांबरोबर घरून निघाला आणि बंडात सापडला. त्याने पुढे लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. इतिहासाचे अभ्यासक त्यात लढाया शोधतात. या लेखमालेला त्यातली एक विहीर पुरेशी आहे.

झाशी पडल्यानंतरची गोष्ट. काळपीच्या बाजूला वाटेतल्या विहिरीवर विष्णुभट पाणी काढत असताना धुळीने माखलेले काही स्वार आले. त्यांत पठाणी वेषात राणी होती, तहानेने व्याकूळ झालेली. भटजी पाणी शेंदून देऊ लागले तर तिने त्यांना थांबवले, विद्वान ब्राह्मणाकडून पाणी काढून घ्यायचे नाही म्हणून दोर स्वतःच्या हाती घेतला, आणि मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्याली. प्रसंग राणीच्या स्वभावासाठी सांगितला जातो, ते बरोबरच आहे. पण एक साधी गोष्ट सहसा नजरेतून निसटते: हरलेली लढाई मागे आणि पुढे अख्खी मोहीम असतानाही ती विहिरीपाशी थांबली.

तहान ही तशी इमानदार, पण जरा उशिरा येणारी खबर. रक्तातले पाणी घटून क्षारांचे प्रमाण शेकडा एक-दोनने वाढले की मेंदू तहान लावतो. गंमत पुढे आहे. प्यायलेले पाणी रक्तात पोहोचायला वेळ लागतो, पण घसा आणि पोट मेंदूला ‘आले, आले’ असे आधीच कळवून मोकळे होतात. त्यामुळे दोन भांडी पाणी पोटात जाताच तहान भागल्यासारखी वाटते आणि भरपाई अर्धीच राहते. उतारवयात तर ही खबर आणखी मंद होते. ‘मला तहानच लागत नाही’ असे आजोबा प्रवासात कौतुकाने सांगतात, तेव्हा काळजी करायची ती तिथेच.

शरीराच्या आतून येणाऱ्या या संवेदनांना चार्ल्स शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये स्वतंत्र नाव दिले. मराठीत मात्र त्यांची नावे फार जुनी आहेत आणि शास्त्रापेक्षा बारीक आहेत. घशाला कोरड पडते, जीव घाबरा होतो, अंगाची काहिली होते, तलखी होते, हातपाय गळतात, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, भोवळ येते. आणि या सगळ्यांच्या आधी, कोणत्याच नावात न बसणारे ते एक: ‘कसंतरी होतंय.’ डॉक्टरांच्या कागदावर या तक्रारीला रकाना नसतो आणि घरात तिची किंमत ‘जरा पड, बरं वाटेल’ एवढीच. उन्हातल्या प्रवासात मात्र बाकीच्या सगळ्या तक्रारींपेक्षा ही मोलाची, कारण ती वेळेवर येते.

१० जून २०१९ रोजी केरळ एक्स्प्रेस आग्र्याहून झाशीकडे येत होती. वाराणसी, आग्रा असे पर्यटन करून तमिळनाडूकडे परतणारा अडुसष्ट जणांचा गट वातानुकूलन नसलेल्या शयनयान डब्यात होता. आग्रा सुटल्यावर थोड्याच वेळात काही वृद्धांनी अस्वस्थ वाटते, श्वास घेता येत नाही असे सांगायला सुरुवात केली. आपल्या भाषेत हेच ते, कसंतरी होतंय. मदत मिळण्याआधीच ते कोसळले. झाशीला गाडी थांबली तेव्हा डॉक्टर डब्यात चढले. या उन्हाने त्या गटातल्या चार वृद्धांचा बळी घेतला.

खिडक्या उघड्या होत्या, वारा होता, मग असे कसे? त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंश असते. बाहेरची हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. पंचेचाळीस अंशांचा वारा उलट ती अंगात घालतो. पंखा, खिडकी, मोटारसायकल, सगळ्यांचे तेच. मग गारवा द्यायला उरतो एकटा घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. पण वाळायला घाम हवा, घामाला पाणी हवे आणि रक्त त्वचेपर्यंत ढकलायला हृदयात बळ हवे. सत्तरीतल्या माणसाकडे यातले एखादे कमी असते. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, ते आणखी कमी करतात. (म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे, एवढेच.)

बुंदेलखंडाचे ऊन मराठी माणसाला फसवते ते आणखी एका वाटेने. कोकण-मुंबईचा माणूस उकाडा घामावर मोजतो. सदरा पाठीला चिकटला की त्याला उन्हाळा कळतो. चिरगावच्या रस्त्यावर मे महिन्यात दुपारी चालून पाहावे, सदरा कोरडाच राहतो. हवा इतकी सुकी की घाम दिसायच्या आत उडून जातो. ‘इथे घामच येत नाही, बरंय’ असे म्हणत पाहुणा पुढे चालतो. सावलीत येऊन पाठीवरची पिशवी उतरवली की काळ्या पट्ट्यावर पांढऱ्या रेघा दिसतात, नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वेड्यावाकड्या. ते मीठ. अंगातून किती गेले त्याची पावती तिथे लिहिलेली असते, आणि तो ती झटकून टाकतो.

उलट घाम दिसतो म्हणजे सुरक्षित, असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उन्हात बसलेल्या लाखोंपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. तिथे पारा अडतीसच्या आसपास होता, झाशीवाल्यांच्या हिशेबी सुखाचा दिवस. पण खाडीकाठच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि ओघळलेला घाम गारवा देत नाही. झाशीत २०२४च्या मे अखेरीस ४९ अंश नोंदले गेले. नुसता आकडा पाहून कोणते ऊन जास्त वाईट ते ठरवणे म्हणूनच चुकीचे.

विष्णुभट मात्र या मुलखात महिनोन्महिने टिकला. त्याचे एक कारण त्याच्या पायांत होते. नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात: घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. वरसईहून घाट चढून, मुक्काम करत, महिन्यांनी झाशीला पोहोचणाऱ्याला ही मुदत वाटेतच मिळून जाते. पंजाब मेलने येणाऱ्याला एक रात्र मिळते. आणि तो दुसऱ्या सकाळी किल्ला, दुपारी ओरछा, संध्याकाळी परतीची गाडी असा बेत खिशात घेऊन उतरतो.

ऊन चढल्यावर माणसाचे काय होते हे या मुलखात लढणाऱ्यांनी हत्यारासारखे वापरले. झाशी घेतल्यावर इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज काळपीच्या दिशेने निघाली आणि ७ मे १८५८ रोजी कोंचला लढाई झाली. गोऱ्यांना ऊन सोसत नाही, तेव्हा सकाळी दहाच्या आत त्यांच्याशी लढू नका, अशी आज्ञा बंडवाल्यांच्या सरदारांनी काढली होती. ती रोजच्या हाती लागली. कोंचला त्याचे सैनिक गोळीने पडावेत तसे उन्हाने पडले. खुद्द रोजला त्या दिवशी एकाहून अधिक वेळा घोड्यावरून उतरावे लागले. वैद्याने उपचार करून त्याला पुन्हा उभे केले आणि तो पुन्हा स्वार झाला. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण थकलेल्या पायदळाला पाठलाग पुरता करता आला नाही.

रोजकडे निदान वैद्य होता, आणि तो त्याच्याकडे पाहत होता. इथे या लेखाची खरी गाठ आहे. तापत चाललेल्या देहात आधी बिघडतो तो मेंदूचा कारभार, म्हणजे खबर वाचणारा कारकूनच आजारी पडतो. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ हे उन्हात चालणाऱ्याचे वाक्य पुरावा म्हणून धरता येत नाही. पहिल्या खुणा सोबत्याला दिसतात. बडबड्या माणूस गप्प होतो. शांत माणूस पाण्याच्या बाटलीवरून खेकसतो. बाटलीचे झाकण फिरवताना बोटे चुकतात, सपाट वाटेवर पाय अडखळतो, एकच प्रश्न दोनदा विचारला जातो. बोलता बोलता वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतो. सह्याद्रीत एप्रिलमध्ये राजगडाची वाट चढणाऱ्या कोणत्याही गटात हे पाहायला मिळते, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी ओरडतो, ‘चला, दहाच मिनिटे राहिलीत!’ दहा मिनिटे कधीच दहा नसतात, हे डोंगरात फिरणारे सगळे जाणतात.

माणसे गप्प का राहतात? लाज. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. बायकांच्या बाबतीत आणखी एक कारण असते आणि त्यावर मोकळेपणाने बोलले जात नाही: वाटेत धड स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहलीचा बेत आखताना देवळे आणि जेवणाची हॉटेले आधी ठरतात, स्वच्छतागृह कुठे आहे हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. ते पहिल्या ओळीत लिहायला हवे.

स्वतःपुरते पाहायचे तर लघवीचा रंग हा सर्वात स्वस्त मापक. फिक्या लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक, गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडते आहे. नुसते पाणीच ढोसत राहणे हाही उपाय नव्हे. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी तेरा टक्क्यांच्या रक्तातले सोडियम नेहमीच्या पातळीखाली घसरलेले आढळले. तिथे अति पाणी पिणे हेच मोठे कारण होते. दिवसभर चालायचे असेल तर मीठ घातलेले ताक, पन्हे, कोकमाचे सरबत, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पथिकांसाठी माठ मांडून ठेवण्याची रीत बुंदेलखंडात अजून आहे. त्याला तिथे प्याऊ म्हणतात, आपली पाणपोई.

पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, गरगरणे इथपर्यंत सावली, विश्रांती आणि मीठ-पाण्याने माणूस सावरतो, आणि त्या दिवशी पुढे न जाणे हाच उपचार. असंबद्ध बोलणे, झोकांड्या, ग्लानी दिसली की तो उष्माघात समजावा. तेव्हा शरीराच्या आतले तापमान चाळीस अंशांवर गेलेले असते. ‘घाम येतोय ना, मग ऊन लागलेले नाही’ हा जुना समज इथे घात करतो, कारण चालून-चढून आलेल्या उष्माघातात त्वचा घामाने चिंब असू शकते. शुद्ध हरपत चाललेल्याच्या तोंडात पाणी, ओआरएस, काहीच घालू नये. पाणी अंगावर ओतावे, भरपूर. कपडे सैल करून वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत आणि मानेला लावावा. पहिल्या अर्ध्या तासात अंग गार झाले तर वाचण्याची आशा मोठी असते, म्हणून गाडीची वाट पाहत नुसते बसू नये.

रुग्णवाहिकेचा क्रमांक उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात एकच आहे, १०८. तो फोन दुसऱ्याला लावायला सांगा. तुम्ही पाणी ओता.