पन्हाळ्याचा चढ पुन्हा

पायाचं प्लास्टर निघालं म्हणून लगेच पन्हाळा गाठू नका. सायकल सुटली की आधी दम जातो. पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातला प्लाझ्मा घटतो, हृदयाच्या ठोक्यागणिक कमी रक्त पुढे जातं. म्हणून वाघबीळच्या पुढच्या चढावर नेहमीच्याच गिअरवर छाती भात्यासारखी चालते. १९८४ साली अमेरिकेत संशोधक एडवर्ड कॉइल यांनी कसलेल्या खेळाडूंचा सराव थांबवून मोजलं: ऑक्सिजन वापरायची क्षमता तीन आठवड्यांत ७ टक्के, आठ आठवड्यांत १६ टक्के उतरली.

प्लाझ्मा लवकर भरून येतो. धोका तिथेच आहे: दम परततो, हाड नि स्नायुबंध मागे राहतात. डॉक्टरांचा होकार मिळाल्यावर आधी रंकाळा तलावाभोवती हलक्या गिअरवर फिरा. सकाळी जिना उतरताना गुडघा ठणकला, तर सायकल भिंतीलाच टेकलेली बरी.