आरोपी : अंदाजे ५३ कुत्रे

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही म्हण ज्याने प्रथम केली त्याने नळीचा प्रयोग स्वतः करून पाहिला होता की नाही, कोण जाणे! आपण मात्र ती मोठ्या विश्वासाने वापरतो. एखादे कुत्रे एकदा 'चावरे' ठरले, की त्याच्याविषयी आणखी काही विचार करण्याजोगे उरले आहे असे आपल्याला वाटतच नाही.

आमच्याकडे मोती आला तो ही कीर्ती पाठीशी घेऊनच. एका नातेवाइकांची बदली झाली, नव्या जागेत कुत्रे चालणार नव्हते, म्हणून तीन वर्षांचे हे गृहस्थ आमच्या दोन खोल्यांत दाखल झाले. आल्या आल्या तो कॉटखाली शिरला तो दिवेलागणीपर्यंत बाहेर येईना. तेव्हा मी, घरातला कर्ता पुरुष, पट्ट्याला धरून त्याला ओढून काढायला गेलो आणि मनगटावर दातांच्या चार खुणा घेऊन डॉक्टरांकडे लस टोचून घ्यायला निघालो. रात्री घरात बैठक बसली. "सोडून या त्याला कुठे तरी लांब," हा ठराव जवळजवळ एकमताने पास झाला. विरुद्ध मत एकच पडले, आईचे. ती म्हणाली, "अरे, भ्यालंय ते. तुला कुणी गळ्याला धरून ओढलं असतं तर तू काय केलं असतंस?"

आईने कुत्र्यांवरचे एकही पुस्तक वाचले नव्हते. पण तिचे हेच म्हणणे मला पुढे फार दूरच्या ठिकाणी पुन्हा भेटले. अमेरिकेतल्या एका खटल्याची हकीकत मी वाचत होतो. आपल्याकडे 'सरकार विरुद्ध अमुक तमुक' असे खटल्याला नाव असते, तसे या खटल्याचे नाव होते, 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध अंदाजे ५३ पिटबुल कुत्रे'. यातला 'अंदाजे' हा शब्द माझ्या पदरचा नव्हे, तो कागदोपत्री आहे. गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता सरकारजमा करायची असली, की तिकडच्या कायद्याप्रमाणे मालमत्तेवरच दावा लावता येतो. इथे मालमत्ता जिवंत होती, चार पायांची होती आणि ती नक्की किती होती हेही कुणी धड मोजले नव्हते.

त्याचे असे झाले. मायकेल व्हिक हा अमेरिकन फुटबॉलमधला त्या काळचा बिनीचा खेळाडू. अटलांटा फाल्कन्स या संघाने त्याच्याशी २००४ साली दहा वर्षांचा, तेरा कोटी डॉलरचा करार केला होता. व्हर्जिनिया राज्यातील सरी काउंटीत, मूनलाइट रोड नावाच्या रस्त्यावर त्याचे एक घर होते. २५ एप्रिल २००७ रोजी पोलिसांनी तिथे धाड घातली ती खरे म्हणजे अमली पदार्थांच्या शोधासाठी. पण घरामागच्या झाडीत काळ्या रंगाने रंगवलेल्या खोपट्या निघाल्या आणि त्यांच्या आसपास पन्नासावर पिटबुल कुत्रे. मोटारींचे जुने आस जमिनीत पुरून त्यांना जाड साखळदंडांनी कुत्रे बांधलेले होते. साखळीची लांबी बेतून ठेवलेली, शेजारचा कुत्रा डोळ्यांना दिसावा पण त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये अशी. कुत्र्यांच्या झुंजी लावून त्यांवर पैसे लावण्याचा हा धंदा होता. जे कुत्रे झुंजीत कमी पडत त्यांची जी गत केली जाई ती दिवाळीच्या अंकात लिहू नये. ती सोपी नव्हती, एवढेच पुरे. व्हिकने ऑगस्टमध्ये गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरमध्ये त्याला तेवीस महिन्यांची सजा झाली.

आता कुत्र्यांचे काय करायचे? तोवरचा रिवाज स्पष्ट होता. झुंजीचे कुत्रे म्हणजे मुद्देमाल. खटला निकालात निघाला की जप्त केलेल्या शस्त्रांप्रमाणे त्यांचीही विल्हेवाट लावायची. या कुत्र्यांना मारून टाकणेच शहाणपणाचे, असे मत प्राण्यांसाठी झटणाऱ्या काही बड्या संस्थांनीही तेव्हा दिले होते. तो निर्दयपणा होता असे मी म्हणणार नाही. त्यांनाही ती नळीची म्हण निराळ्या भाषेत पाठ होती, इतकेच. दरम्यान कुत्रे महिनोन्‌महिने निरनिराळ्या गावांच्या कोंडवाड्यांत पडून होते. त्यांना नावे नव्हती. गावाचे नाव आणि पुढे आकडा, अशी त्यांची ओळख.

सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाच्या संमतीने जाणकारांचे एक पथक या कुत्र्यांना तपासायला गेले. अमेरिकेतली जुनी प्राणिदया संस्था 'एएसपीसीए' हिचे तज्ज्ञ त्यात होते, आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंड गावची, पिटबुलांसाठीच काम करणारी 'बॅड रॅप' ही छोटी संस्थाही होती. प्रत्येक कुत्र्याला एकेकटे बाहेर काढायचे. खाण्याच्या भांड्यात खोटा हात घालून पाहायचा, लहान मुलाएवढी बाहुली समोर आणायची, दुसरा कुत्रा दाखवायचा आणि हा काय करतो ते टिपून ठेवायचे. तपासनीस जय्यत तयारीने गेले होते. वाचतील ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असाच बहुतेकांचा अंदाज होता.

झाले ते भलतेच. दार उघडल्यावर अंगावर येण्याऐवजी कित्येक कुत्रे पोट, हनुवटी आणि चारी पाय जमिनीला चिकटवून जे सपाट झाले ते हलेनात. तपासनीसांनी त्यांना जे नाव दिले त्याचे मराठी करायचे तर 'धिरडी' असेच करावे लागेल. दुसऱ्या कुत्र्याशी न पटणारे काही होते, उंडगे होते, काही तर नुसते खेळायला आसुसलेले होते. एकूण ४९ कुत्र्यांची परीक्षा झाली. माणसाला धोका म्हणून ज्याला मारावे लागले असा कुत्रा त्यांत एक निघाला. दुसरी एक कुत्री असाध्य दुखण्याने बेजार होती, तिची सुटका करण्यात आली. उरले ४७!

हा आकडा मी वाचला तेव्हा मला आमच्या बैठकीतला तो ठराव आठवला. 'झुंजीचे कुत्रे' हे एक नाव उच्चारून सत्तेचाळीस जीव संपले असते. ते वाचले ते एकेकाचे तोंड पाहून निवाडा झाला म्हणून. आपल्याकडेही मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुलसह २३ जातींचे कुत्रे बाळगण्यावर बंधने घालणारे पत्रक राज्यांना धाडले होते, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. चावऱ्या कुत्र्याचा धोका खोटा असतो असे कुणीच म्हणत नाही. ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याने तर म्हणूच नये. पण जातीची यादी केली की कुत्रा ओळखल्याचे समाधान तेवढे मिळते, कुत्रा ओळखला जात नाही.

ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने रिबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला कुत्र्यांची पालक म्हणून नेमले. या बाईंनी स्वतः हिंडून कुत्रे पाहिले, संस्थांचे अर्ज वाचले आणि कोण कुणाकडे जाणार हे ठरवले. कुत्र्यांच्या पोटापाण्यासाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर व्हिककडून वसूल करण्याचा हुकूम झाला. ओकलंडच्या मंडळींनी भाड्याने घेतलेल्या घरवजा मोटारीत तेरा कुत्रे घातले आणि देशाच्या या टोकाहून त्या टोकाला नेले. सगळ्यांत बिकट समजलेले २२ कुत्रे जानेवारी २००८ मध्ये युटा राज्यातील केनॅब गावी 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या आश्रमात पोचले.

तिथे काय केले? वाचकांना कदाचित निराशा वाटेल, कारण चमत्कार असा कुणीच केला नाही. आरंभी रात्रंदिवस कुणी ना कुणी माणूस त्या कुत्र्यांच्या सोबतीला असे. खाणे ठरल्या वेळी, फिरणे ठरल्या वेळी, माणसेही शक्य तो तीच. भ्यालेल्या कुत्र्याला जगात सगळ्यांत जास्त कशाचा आधार वाटत असेल तर तो आता पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा. प्रत्येकाला रोजच्या रोज गुण देत. भीती किती, आत्मविश्वास किती, माणसांची ओढ किती, आणि एक रकाना चक्क जगण्याच्या गोडीचा! कुत्र्याच्या प्रगतिपुस्तकात असा विषय असावा याचे मला कौतुक वाटले. आपल्या मुलांच्या प्रगतिपुस्तकात तो अद्याप आलेला नाही.

ज्याला माणसाची भीती वाटते त्याला एखाद्या माणसाळलेल्या, धीट कुत्र्याच्या जोडीने सोडायचे, ही त्यांची आणखी एक युक्ती. साथीदार माणसाच्या हातचे खातो, पाठ थोपटून घेतो आणि त्याचे वाकडे होत नाही, हे पाहून भित्र्याचा जीव हळूहळू खाली बसतो. शिवाय बारीकसारीक अडचणी किती! यांपैकी बहुतेकांनी घर आतून पाहिलेलेच नव्हते. जिना म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. काचेच्या दाराशी, गुळगुळीत फरशीशी, भांड्यांच्या आवाजाशी, सगळ्याशी एकेक करून ओळख करून द्यावी लागते, आणि कुत्रा थांबला की आपणही थांबावे लागते.

आमच्या आईने मोतीच्या बाबतीत नेमके हेच केले होते, फक्त प्रगतिपुस्तक ठेवले नव्हते. दुपारी ती कॉटजवळ पाट मांडून तांदूळ निवडत बसे, मोतीकडे पाठ करून. त्याच्याकडे बघायचे नाही, बोलवायचे नाही. मधूनच पोळीचा तुकडा बाजूला टाकायचा, तोही न वळता. मोती गुरगुरला तर मी त्याला दटावायला धावे, आणि आई मलाच गप्प करी. तिचे बरोबर होते हे मला फार उशिरा कळले. गुरगुरणे ही कुत्र्याची नोटीस असते. ती द्यायची त्याला मार खाऊन चोरी झाली, की पुढच्या वेळी तो नोटिशीवाचून थेट चावतो. आणि मग आपण म्हणतो, काही कारण नसताना चावला! सहाव्या दिवशी मोतीची हनुवटी आईच्या पावलावर होती. माझ्याजवळ यायला त्याने आणखी दोन महिने घेतले. हिशेब चुकता करण्यात तो मोठा काटेकोर होता.

सौम्यपणाने कुत्रा सुधारतो, हे झाले अर्धे काम. पुढे त्याला मानवेल असे घर हवे, आणि सगळ्यांना एकच घर मानवत नाही. जॉनी नावाचा काळा-पांढरा कुत्रा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका घरी गेला. त्याला मुले आवडतात असे दिसून आले, तेव्हा त्याला रीतसर शिकवून वाचनालयातल्या मुलांसमोर बसवू लागले. चारचौघांत मोठ्याने वाचायला बिचकणारी मुले कुत्र्याला गोष्ट वाचून दाखवायला लाजत नाहीत, कारण तो चुका काढत नाही. लिओ नावाचा दुसरा कुत्रा कर्करोगाच्या रुग्णांना भेटायला जाऊ लागला. हेक्टरच्या छातीवर झुंजीचे व्रण होते, तोही रुग्णांच्या उशाशी जाऊन बसे.

उलट जॅस्मिन नावाची तांबूस कुत्री मेरीलँडमधल्या घरात महिनोन्‌महिने आपल्या पिंजऱ्याबाहेर यायला राजी नव्हती. पिंजऱ्याचे दार उघडे असूनही! तिला लघवीसाठी उचलून अंगणात न्यावे लागे. डिसेंबर २००८ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या खेळांच्या साप्ताहिकाने मुखपृष्ठावर खेळाडूऐवजी या जॅस्मिनचे छायाचित्र छापले. ती कधीही रुग्णालयात गेली नसती की मुलांच्या घोळक्यात बसली नसती. तिला हवे होते ते एक शांत घर, दुसऱ्या कुत्र्यांची सोबत आणि काही न मागणारे माणूस. ते तिला मिळाले, आणि थोड्याच दिवसांत मोटारीखाली सापडून ती गेली. अशा हकीकतींत हेही असते.

केनॅबहून कुत्रा घरी न्यायचा तर न्यायालयाच्या अटी होत्या. आधी दहा कलमांची एक परीक्षा: अनोळखी माणूस जवळ आला तर शांत राहणे, गर्दीतून चालणे, हाक मारताच येणे वगैरे. मग काही महिने नुसते उमेदवारीवर राहायचे, आणि त्यानंतर कायमचे घर. वर्षावर वर्षे गेली, पण एकेक करून पुष्कळ कुत्रे असे पार पडले. हॅन्डसम डॅन म्हणून एक होता, आरंभी तो भीतीने गोल गोल फेऱ्या मारत राही. पुढे तो ऱ्होड आयलंडमधल्या एका जोडप्याकडे गेला, त्यांना मुलगी झाली आणि या डॅनने तिच्या पाळण्यापाशी राखण धरली. या सत्तेचाळिसांतला शेवटचा कुत्रा, फ्रोडो, डिसेंबर २०२१ मध्ये म्हातारा होऊन आपल्या घरी वारला.

आणि एक होता ल्यूकस. हा व्हिकच्या कुत्र्यांतला नावाजलेला अजिंक्यवीर, तोंडभर व्रणांच्या रेघा. माणसांवर त्याचा भारी जीव. कुणीही यावे आणि याने उताणे होऊन पोट पुढे करावे. पण त्याचा पूर्वेतिहास पाहून न्यायालयाने हुकूम दिला होता की, ल्यूकसने जन्मभर आश्रमातच राहावे, त्याला कुणाच्याही घरी देऊ नये. व्हिक २००९ साली सुटून आला आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या संघातून पुन्हा मैदानात उतरला. ल्यूकसची जन्मठेप मात्र कायम राहिली. मग आश्रमातल्या लोकांनीच वाट काढली. घर देता येत नाही ना, मग कचेरी तर देता येते! ते त्याला रोज कामाच्या जागी घेऊन जाऊ लागले. टेबलाखाली त्याचे अंथरूण असे, आणि येणाराजाणारा पाच मिनिटे खाली बसून त्याचे पोट खाजवल्याशिवाय पुढे जात नसे.