काळीतली कॉलनी

जुन्या माणसांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग पाडले होते. घरं, देऊळ, चावडी जिथे उभी राहत ती पांढरी आणि नांगर फिरे ती काळी. राहायला पांढरी नि पिकवायला काळी, ही वाटणी पिढ्यान् पिढ्या चालली. तिच्यामागे मातीची पक्की जाण होती. काळी माती कापूस पोसते, पण भिंत धरत नाही.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरं पांढरी सोडून काळीत उतरली. जळगावात पिंप्राळा, मेहरूण, निमखेडी, खेडी. धुळ्यात देवपूरच्या पुढे वलवाडी, आणि इतर बाजूंना महिंदळे, चितोड, अवधान. यातली काही नावं कालपरवापर्यंत स्वतंत्र गावांची होती. २०१८ मध्ये धुळे महापालिकेची हद्द वाढली तेव्हा भोवतालची गावं एका अधिसूचनेने शहरात आली. अनेक कॉलन्यांच्या पत्त्यात 'शिवार' आणि 'गट नंबर' अजून टिकून आहेत. तो पत्ता खरं बोलतो. आपण शेतात राहतो आहोत आणि आपला रस्ताही शेतातूनच जातो आहे. उपनगरातल्या रस्त्यांची चर्चा खड्ड्यापासून सुरू होते आणि ठेकेदारापाशी संपते. मला ती मातीपासून सुरू करायची आहे.

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही काळी माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या दमदार सरींनी त्या मिटतात आणि जमीन वर उचलली जाते. रस्ता याच हलत्या जमिनीवर पसरलेला असतो. जमिनीची भार पेलण्याची ताकद मोजायला अभियंते सीबीआर नावाची चाचणी घेतात. चांगल्या मुरमाच्या तुलनेत भिजलेल्या काळ्या मातीचा आकडा फार खाली, बहुधा दोन-चार टक्क्यांवर येतो. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खालचा आधार दरवर्षी चार महिने लोण्यासारखा मऊ होत असेल, तर ते डांबर एखाद्या लोडेड ट्रॅक्टरखाली वाकणार, चिरणार. त्या चिरेतून पाणी आणखी खाली जाणार.

म्हणून काळ्या मातीत रस्ता करायचा तर आधी ती वरची माती काढावी लागते किंवा तिच्यात चुना मिसळून तिचं फुगणं आवरावं लागतं. त्यावर मुरमाचा जाड थर, तो थराथराने पाणी मारून रोलरने दाबलेला. मग खडीकरण आणि सर्वांत शेवटी डांबर. यातला मुरूम-खडीचा भाग लोकांना दिसत नाही, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिला फटका त्यालाच बसतो.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे उतार. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडांना खाली असावा लागतो, साधारण अडीच टक्के. सहा मीटर रुंद रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर वर, म्हणजे जेमतेम चार बोटं. एवढ्या चार बोटांवर रस्त्याचं आयुष्य ठरतं, कारण पाणी त्यावरूनच गटारीत जातं. पण आपल्या कॉलन्यांत गटारी आहेत कुठे? आणि जिथे आहेत तिथे प्रत्येक घराने गाडी आत घ्यायला गटारीवर रॅम्प टाकलेला असतो. खाली टाकलेला पाइप एवढा अरुंद असतो की एका पिशवीने तो तुंबतो. साईडपट्टी ओट्यांनी आणि झाडांच्या आळ्यांनी खाल्लेली. मग पाणी रस्त्यावरच थांबतं. जिथे भुयारी गटार पोहोचलेली नाही तिथे पोर्च धुतल्याचं, टाकी भरून वाहिल्याचं पाणीही बारा महिने रस्त्यावर. शोषखड्डा केला तरी काळी माती भिजल्यावर पाणी मुरू देत नाही. ते आडवं सरकत रस्त्याखाली जातं. खड्ड्याची सुरुवात आपल्या फाटकापासून होते, हे मान्य करायला जड जातं, पण ते खरं आहे.

या भागाला वस्ती आखण्याचा आणि पाण्याचा विचार करण्याचा अनुभव नवा नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखली. सरळ, समांतर, रुंद गल्ल्या. आजही धुळेकर 'चौथी गल्ली', 'पाचवी गल्ली' असा पत्ता सांगतात तो त्याच आखणीतला. लोकांच्या तोंडी या आखणीचं श्रेय विश्वेश्वरय्यांना जातं. ते मात्र सहा-साडेसहा दशकांनी धुळ्याला आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेला हा तरुण अभियंता सुरुवातीच्याच काळात खानदेशात होता, आणि पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून पाणी नेणारा नळांचा सायफन त्याने दातर्तीला पुरा केला. त्याच्या आधी, सप्टेंबर १८७२ मध्ये, पांझरेच्या पुराने धुळ्यातली शेकडो घरं वाहून नेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच नदीने शहरातल्या पुलांना पुन्हा तडाखा दिला. एवढ्या जुन्या ओळखीनंतर तरी नव्या वस्तीची आखणी नाल्यापासून सुरू व्हायला हवी होती.

ती तशी का होत नाही, याचं उत्तर जमिनीच्या व्यवहारात आहे. शेत बिगरशेती झालं, ले-आउट मंजूर झाला की त्यातले रस्ते, गटारी, ओपन स्पेस विकसित करून पालिकेच्या ताब्यात देणं ही प्लॉट पाडणाऱ्याची जबाबदारी असते. कागदावर रस्ता नऊ मीटरचा असतो. जागेवर मुरमाचा हात फिरवलेला असतो. प्लॉट विकले जातात, विकणारा पुढच्या शेताकडे वळतो आणि कच्चा रस्ता पालिकेच्या गळ्यात येतो. त्यातच ले-आउटच नसलेली, गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ मध्ये आला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली. घर नियमित झालं, पण गल्ली जेवढी सुटली होती तेवढीच राहिली. तिथे पाण्याची लाइन, गटार, विजेचा खांब आणि रस्ता हे सगळं चार-साडेचार मीटरमध्ये बसवायचं.

आणि मग खोदकाम. केंद्राची अमृत योजना २०१५ मध्ये आली. जळगावात तिच्यातून पाण्याच्या नव्या वाहिन्या आणि भुयारी गटारी आल्या. धुळ्यात देवपूरच्या भुयारी गटारीने तेच खोदकामाचे दिवस दाखवले. दोन्ही कामं गरजेची होती, हे निःसंकोच म्हणायला हवं. उघड्या गटारीशेजारी वाढलेल्या मुलांना बंद गटार मिळणं ही मोठी गोष्ट आहे. दुखणं क्रमाचं होतं. एकदा पाण्याच्या लाइनसाठी चर, ती बुजते न बुजते तोच गटारीसाठी चर, मग घरोघरच्या जोडणीसाठी आडवे चर. त्या सगळ्या काळात रस्त्याचं काम थांबलेलं, कारण योजना अपुरी असताना डांबर टाकणं म्हणजे पैसा पुरणं. वर्षानुवर्षं लोक धूळ नि गाऱ्यात राहिले. गारा हा आमच्याकडचा चिखलासाठीचा शब्द. त्याच्यात पाय रुतल्याचा आवाजही ऐकू येतो.

चर कसा बुजवला यावर पुढची दहा वर्षं ठरतात. निघालेली काळी मातीच परत लोटली आणि वरून मुरूम शिंपडला, तर पहिल्या पावसात तो पट्टा वीतभर खाली बसतो. मुरूम आणून वीत-वीत जाडीच्या थरांत पाणी मारून धुम्मस केली, तर चराची खूणही राहत नाही. या दोन पद्धतींच्या खर्चात फरक आहे, पण बसलेला चर पुन्हा भरणं, त्यात अडकलेली रिक्षा, घसरलेली दुचाकी, मोडलेलं मनगट यांचा हिशेब कुठल्या अंदाजपत्रकात धरायचा? आमच्या कॉलनीत अशाच एका बसलेल्या चरात शेजारच्या काकू स्कूटरवरून पडल्या. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. त्या चराची कुठेच नोंद नव्हती, तो कोणी खोदला आणि कोणी बुजवायचा होता हे सांगणारा कागद मला मिळाला नाही.

नियोजनाची सुरुवात म्हणून मी एकच वस्तू मागेन, प्रत्येक गल्लीची नोंद. शेतकऱ्याकडे सातबारा असतो तशी. लांबी, रुंदी, खालची माती, खालून गेलेल्या वाहिन्या आणि त्यांची खोली, शेवटचं डांबरीकरण कोणत्या वर्षी, किती जाडीचं, ठेकेदार कोण, दोष दुरुस्तीची त्याची मुदत कधी संपते, पाणी कोणत्या बाजूला वाहतं. ही नोंद समोर असली तर मुदतीच्या आत उखडलेला रस्ता पालिकेच्या पैशाने दुरुस्त होणार नाही. पाण्याची गळती दुरुस्त करायची असलेल्या गल्लीत आधी काँक्रीट पडणार नाही. काँक्रीटचं वेड हल्ली फार वाढलं आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. काँक्रीटचा रस्ता टिकतो हे खरं, पण काळ्या मातीवर नीट पाया न करता टाकला तर तोही तडकतो. आधी आडवे पाइप पुरून ठेवले नाहीत तर पहिल्या नळजोडणीला ब्रेकर लागतो. आणि जुना थर न काढता वर वर चढवत गेलं की रस्ता उंच, घर खोल. मग पावसाळ्यात ओट्याला पोती लावून पाणी अडवायची वेळ येते.

पैशाचं थोडक्यात सांगायचं तर नवा रस्ता करायला निधी मिळतो, जुना जपायला मिळत नाही. नगरोत्थान, आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती, या सगळ्यांची धाव नव्या कामाकडे. देखभाल करायची ती घरपट्टीतून. जळगाव पालिकेने तर हुडकोच्या कर्जाचं ओझं अनेक वर्षं वाहिलं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या मदतीने त्याची एकरकमी फेड झाली. चिरेत वेळेवर डांबर ओतणं, खड्डा चौकोनी कापून, साफ करून, डांबराचा हात देऊन, दाबून भरणं ही कामं स्वस्त असतात. ती दोन पावसाळे राहिली की संपूर्ण रस्ता उखडून करावा लागतो.

यात वेळेचं गणित महत्त्वाचं आहे. पाहणीचा खरा हंगाम दसऱ्यानंतरचा. पाऊस सरलेला असतो, रस्त्याची सगळी दुखणी उघडी असतात. तेव्हा पाहणी झाली तर फेब्रुवारी-मार्चच्या अंदाजपत्रकात ती कामं बसतात, आणि आधी मंजुरी मिळालेल्या कामांना नोव्हेंबर ते मे हे सात महिने मोकळे मिळतात. प्रत्यक्षात मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश यांत उन्हाळा जातो. मे अखेरीस रोलर दिसतो, आणि पाऊस लागला की डांबराचे प्लांट बंद.

विचारायचं कुणाला, हाही प्रश्न होता. जळगावात सप्टेंबर २०२३ पासून आणि धुळ्यात त्याच वर्षअखेरीपासून प्रशासकाचा कारभार होता. २०१८ नंतरची महापालिका निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. त्या मधल्या काळात प्रभागातलं माणूस सभागृहात नव्हतं. पण लोक गप्प राहिले नाहीत, हेही नोंदवायला हवं. जळगावातून जाणाऱ्या महामार्गावर दोन्ही बाजूंच्या कॉलन्यांतली माणसं मरत होती. शाळेला, दवाखान्याला जायचं तर त्याच रस्त्यावर चढावं लागे. समांतर रस्ते कृती समितीने २०१८ मध्ये त्यासाठी आंदोलन उभं केलं. पुढे खोटेनगरपासून कालिंका माता मंदिरापर्यंत चौपदरीकरण झालं, भुयारी मार्ग आले. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, गृहिणी रस्त्यावर आल्यामुळे शहराचा नकाशा बदलला.

कायद्याचा आधारही आता पूर्वीपेक्षा पक्का आहे. चांगला रस्ता हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्याने किंवा उघड्या मॅनहोलने मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये, आणि जखमीला पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. कळवलेला खड्डा ४८ तासांत बुजवायचा, असंही बजावलं. तेव्हा खड्डा लेखी कळवणं, तारखेसह फोटो ठेवणं याला आता वजन आहे.

मागच्या दसऱ्यानंतर एका रविवारी आम्ही कॉलनीतले सात-आठ जण ले-आउटच्या नकाशाची प्रत घेऊन फिरलो. कुठे पाणी साचतं, कुठे चर बसला, कोणाचा रॅम्प गटार अडवतो, सगळं पेन्सिलीने लिहीत गेलो. चौथ्या वळणावर रस्ता दरवर्षी फुटतो. तीनदा डांबर टाकून झालं, एकदा काँक्रीट. कारण कळेना. तिथल्या कट्ट्यावर एक जिभाऊ बसले होते, ऐंशीच्या घरातले. ही जमीन त्यांच्याच भाऊबंदांची होती, कापूस लावायचे. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. काठीने आधी वरचा बांध दाखवला, मग रस्ता ओलांडून ओपन स्पेसच्या कोपऱ्यापर्यंत हवेत एक रेघ ओढली.

"आठे नाला व्हता भो," ते म्हणाले.

नकाशात नाला नव्हता. मी पेन्सिलीने तो काढून घेतला.